पारंपरिक ज्ञान आणि बौद्धिक संपदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामसभा, वैदू, कारागीर, शेतकरी गट आणि संशोधक विद्यार्थी यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारतीय कायद्यानुसार आहेत. दुसऱ्या देशाचा संबंध येतो तिथे तसं सांगितलं आहे. घाई असेल तर आधी प्रश्न ७ वाचा. बहुतेक नुकसान तिथेच होतं: माहिती आधी दिली जाते आणि अटी नंतर आठवतात.

१. पारंपरिक ज्ञान म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नेमकं काय? आजीबाईचा बटवा त्यात येतो का?

सगळ्या कायद्यांना लागू पडेल अशी एकच व्याख्या भारतात नाही. कामाच्या सोयीसाठी तीन भाग पाडावे लागतात, कारण प्रत्येकाला वेगळा कायदा लागतो. पहिला भाग ग्रंथबद्ध ज्ञानाचा: आयुर्वेद, सिद्ध, युनानी यांचे मान्य ग्रंथ. दुसरा तोंडी चालत आलेल्या ज्ञानाचा: वैदूचं औषध, जंगलातल्या कंदांची पारख, मासे पकडण्याच्या रीती, बियाणं निवडण्याची पद्धत. तिसरा अभिव्यक्तीचा: चित्रं, गाणी, विणकाम, नाच, कथा.

आजीबाईचा बटवा पहिल्या दोन भागांच्या सीमेवर बसतो. तो घरोघरी माहीत असल्यामुळे त्यावर कुणालाच एकट्याचा हक्क मिळत नाही, तुम्हालाही नाही आणि कंपनीलाही नाही. हक्काचा खरा प्रश्न येतो तो एखाद्या विशिष्ट समाजाकडे, गावाकडे किंवा घराण्याकडेच असलेल्या ज्ञानाबाबत.

२. ज्ञान आमच्या समाजाचं आहे, मग समाजाच्या नावाने पेटंट का घेता येत नाही?

पेटंटला इतर अटींबरोबर तीन गोष्टी लागतात: शोध नवा हवा, त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचणार नाही असा हवा आणि तो कुणी लावला ते नाव हवं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ज्ञान पहिल्याच अटीवर अडतं. त्यात पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(पी) ने दार पूर्ण बंद केलं आहे. जी गोष्ट मुळात पारंपरिक ज्ञानच आहे, किंवा परंपरेने माहीत असलेल्या घटकांच्या माहीत असलेल्या गुणांची नुसती बेरीज वा पुनरावृत्ती आहे, ती ‘शोध’ मानली जात नाही.

हे कलम समाजाला अडवतं तसं बाहेरच्यालाही अडवतं, हे विसरू नये. शिवाय पेटंट २० वर्षांचंच असतं आणि त्यासाठी सगळी कृती जाहीर करावी लागते. शेकडो वर्षं जपलेली गोष्ट २० वर्षांच्या हक्कासाठी सार्वजनिक करून टाकण्याचा हा सौदा बहुतेक समाजांना परवडणारा नाही. पारंपरिक ज्ञानावर आधारलेली खरोखर नवी प्रक्रिया असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

३. हळदीचं पेटंट अमेरिकेने दिलं होतं म्हणतात. ते दिलंच कसं आणि रद्द कसं झालं?

जखम भरण्यासाठी हळदीची पूड वापरण्यावर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट क्रमांक ५४०१५०४ मंजूर झालं. ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या संशोधनावर आधारलेलं होतं. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात एक मोठी फट होती. परदेशातला वापर छापील स्वरूपात किंवा पेटंटमध्ये नोंदलेला असेल तरच तो ‘आधीपासून माहीत’ धरला जाई. भारतात घरोघरी हळद लावतात, हे नुसतं सांगून उपयोग नव्हता. म्हणून वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) फेरतपासणीचा अर्ज केला तेव्हा सोबत जुने ग्रंथ आणि प्रकाशित लेख जोडले. १९९७ मध्ये दावे रद्द झाले.

ही फट अमेरिकेने १६ मार्च २०१३ पासून बुजवली. त्या तारखेनंतरच्या अर्जांना जगात कुठेही झालेला सार्वजनिक वापर आडवा येऊ शकतो. मात्र तो सिद्ध करण्याचं ओझं हरकत घेणाऱ्यावरच आहे. कडुनिंबाच्या तेलापासूनच्या बुरशीनाशकाचं युरोपातलं पेटंट २००० मध्ये रद्द झालं, पण अपिलाचा निकाल लागायला मार्च २००५ उजाडलं. विरोध १९९५ मध्ये दाखल झाला होता. एक चुकीचं पेटंट हटवायला दहा वर्षं लागली, यावरून ते मंजूर होण्याआधीच अडवण्याचं महत्त्व कळतं.

४. टीकेडीएल म्हणजे काय? आमच्या गावचं ज्ञान तिथे टाकावं का?

ही पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी. सीएसआयआर आणि आयुष विभागाने तिचं काम २००१ मध्ये सुरू केलं. ग्रंथांतले योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत, पेटंट तपासनिसाला शोधता येतील अशा मांडणीत उतरवले आहेत. ही माहिती करार केलेल्या पेटंट कार्यालयांना उपलब्ध असते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती इतर वापरकर्त्यांनाही खुली करायला मंजुरी दिली.

तिचा भर ग्रंथबद्ध ज्ञानावर आहे. गावातलं तोंडी ज्ञान तिथे आपोआप जात नाही, आणि ते जावं की नाही हा विचार करण्याचा प्रश्न आहे. लायब्ररीत नोंद असली की दुसऱ्याला पेटंट मिळणं अवघड होतं. पण त्याच नोंदीमुळे ज्ञान उघडं होतं आणि वाटाघाटीत तुमच्या हातात काही उरत नाही. ज्ञान आधीच सर्वांना माहीत असेल तर नोंद फायद्याची. ते मोजक्या लोकांकडेच असेल तर नोंद करण्याआधी ग्रामसभेत चर्चा व्हायला हवी.

५. कुणीतरी आमच्या वनस्पतीवर पेटंटचा अर्ज केल्याचं कळलं. तो अडवायचा कसा?

भारतातला अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रकाशित होतो. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं आणि कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. शोध वनस्पतीच्या शास्त्रीय नावाने घ्या, जुनी नावंही टाकून पाहा. स्थानिक नाव अर्जात क्वचितच असतं.

प्रकाशन झाल्यावर आणि पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही व्यक्ती लेखी विरोध नोंदवू शकते. यासाठी फॉर्म ७अ आहे. प्रकाशनानंतर सहा महिने होईपर्यंत पेटंट मंजूर होत नाही, म्हणून विरोध त्या सहा महिन्यांत पोचवणं सुरक्षित. पूर्वी हे निःशुल्क होतं. २०२४ च्या नियमांपासून शुल्क लागतं आणि विरोध दाखल करून घेण्याजोगा आहे का, हेही आधी तपासलं जातं. पेटंट मंजूर झालं तर ते प्रकाशित झाल्यापासून एक वर्षाच्या आत विरोध करता येतो. पण तेव्हा विरोधक ‘हितसंबंधी’ असावा लागतो.

उपयोगी पडणारे मुद्दे तीन. कलम ३(पी) प्रमाणे हा शोधच नाही. कलम २५ प्रमाणे हे ज्ञान भारतातल्या वा बाहेरच्या स्थानिक समाजात तोंडी किंवा अन्य रूपात आधीपासून होतं. आणि अर्जात जैविक साहित्याचा स्रोत व मूळ ठिकाण सांगितलेलं नाही किंवा चुकीचं सांगितलं आहे. तिसरा मुद्दा लोक विसरतात, पण सिद्ध करायला तो बऱ्याचदा सर्वांत सोपा असतो.

विरोध फसतो तो ठरावीक कारणांनी. पुराव्यावरची तारीख अर्जाच्या अग्रक्रम तारखेनंतरची (म्हणजे त्या शोधाचा अर्ज सर्वांत आधी जिथे दाखल झाला त्या दिवसानंतरची) असते. स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव जुळल्याचा दाखला नसतो. त्यासाठी वनस्पतीचा वाळवलेला नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळखून घ्यावा. सर्वांत मोठी चूक म्हणजे विरोध अर्जातल्या वर्णनाला केला जातो, दाव्यांना नाही. पेटंट मिळतं ते अर्जाच्या शेवटी क्रमांकाने दिलेल्या दाव्यांवर. दावा एखाद्या विशिष्ट अर्काच्या विशिष्ट प्रमाणाचा असेल, तर ‘आमच्याकडे ही पानं जखमेवर लावतात’ एवढ्याने तो पडत नाही. त्या अर्कापर्यंत पोचणं जाणकाराला सहज शक्य होतं, हे दाखवावं लागतं. त्यासाठी पेटंट एजंटची मदत घ्या.

युरोपात अर्ज प्रलंबित असेल तर तिथल्या कार्यालयाला त्रयस्थ म्हणून निरीक्षणं पाठवता येतात. त्याला शुल्क नाही आणि नावही द्यावं लागत नाही. मंजुरीनंतरच्या विरोधाला मात्र नऊ महिन्यांची मुदत आणि शुल्क आहे.

६. लोक जैवविविधता नोंदवहीत लिहिलं की हक्क सिद्ध होतो का? काय लिहावं, काय लिहू नये?

नोंदवही हा मालकीचा दाखला नाही. ती तारीख असलेला पुरावा आहे. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि ही नोंदवही समितीने लोकांच्या मदतीने करायची असते. आपल्या हद्दीतल्या जैविक संसाधनांच्या आणि त्यांच्याशी जोडलेल्या ज्ञानाच्या वापराबद्दल निर्णय घेताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने आणि राज्य जैवविविधता मंडळाने समितीचा सल्ला घ्यायचा असतो. समितीचा खरा जोर तिथे आहे. व्यापारासाठी होणाऱ्या गोळा-वेच्यावर शुल्क आकारण्याचाही तिला अधिकार आहे.

अनेक ठिकाणी नोंदवही ठेकेदाराने भरलेली असते. त्यात शेजारच्या तालुक्यातली यादी जशीच्या तशी उतरवलेली सापडते. अशी वही पुराव्याला उभी राहत नाही. वहीत वनस्पतीचं स्थानिक व शास्त्रीय नाव, ती कुठे सापडते, कोणत्या हंगामात काढतात, साधारण कशासाठी वापरतात आणि माहिती कुणी दिली, एवढं असावं. औषधाचं प्रमाण, मिश्रणातले इतर घटक, काढण्याची वेळ व कृती यांसारखा गाभा उघड्या पानावर लिहू नका. ‘उपयोग: ताप, कृती वैदूकडे, समितीच्या परवानगीने’ अशी नोंद पुरेशी आहे. एकदा वहीची झेरॉक्स फिरू लागली की ती परत घेता येत नाही. पेरूने २००२ च्या कायद्यात यासाठी वेगळी सोय केली आहे: सार्वजनिक, गोपनीय आणि स्थानिक अशा तीन स्वतंत्र नोंदवह्या. आपल्याकडे ही विभागणी समितीनेच शहाणपणाने करावी लागते.

७. संशोधक किंवा कंपनीचे लोक माहिती घ्यायला आले आहेत. काय विचारायचं, काय लिहून घ्यायचं?

माहिती देण्याआधी, नंतर नाही. एकदा सांगितलेलं ज्ञान परत मागता येत नाही. आणि भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नसल्याने गोपनीयता टिकते ती मुख्यतः लेखी करारावर.

पहिला प्रश्न: तुम्ही कोण आणि पैसा कुणाचा? परदेशी नागरिक, अनिवासी भारतीय, परदेशी कंपनी किंवा परदेशी नियंत्रणाखालची कंपनी असेल, तर भारतातलं जैविक संसाधन वा त्याच्याशी जोडलेलं ज्ञान घेण्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. संशोधनासाठीसुद्धा. भारतीय विद्यार्थ्याला शुद्ध अभ्यासासाठी ती लागत नाही. पण त्याचे निष्कर्ष वरच्या यादीतल्या कुणाला द्यायचे असतील तर परवानगी लागते. प्रबंध परदेशी भागीदाराच्या निधीतून चालला असेल तर हा मुद्दा तिथेच स्पष्ट करून घ्या.

परवानगीपत्राची प्रत मागा, मग ग्रामसभेत विषय ठेवा. ठरावात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणती माहिती आणि कोणते नमुने किती वजनाचे द्यायचे, कशासाठी, दुसऱ्याला देता येईल का, प्रकाशनात समाजाचं आणि माहितगारांचं नाव कसं येईल, पेटंटचा अर्ज करायचा झाला तर आधी लेखी कळवायचं. फोटो आणि ध्वनिमुद्रण यांची परवानगी वेगळी लिहा. करार स्थानिक भाषेत हवा. इंग्रजी प्रत असेल तर मतभेदात कोणती ग्राह्य, तेही लिहा.

हमखास होणारी चूक म्हणजे सरपंचाची किंवा एका वैदूची सही घेऊन ती ‘समाजाची संमती’ म्हणून दाखवणं. वैदू स्वतःच्या वेळेबद्दल आणि मेहनतीबद्दल संमती देऊ शकतो. सगळ्या पाड्यांच्या सामायिक ज्ञानाबद्दल नाही. संमती मागे घेण्याची अट आणि मुदत नसेल तर करार अपुरा समजा.

८. लाभवाटप म्हणजे पैसे नेमके कुणाला आणि कसे मिळतात?

लाभवाटप म्हणजे ज्ञानाच्या किंवा जैविक साहित्याच्या व्यापारी वापरातल्या कमाईचा वाटा ते देणाऱ्यांना मिळणं. व्यापारी वापर करणारी संस्था प्राधिकरणाशी किंवा राज्य मंडळाशी करार करते. रक्कम उलाढालीच्या टक्केवारीत किंवा दोघांच्या सहमतीने ठरते. ज्ञान वा साहित्य कुणाचं, हे ओळखता आलं तर वाटा त्यांच्याकडे जातो. नाही आलं तर तो जैवविविधता निधीत जमा होतो आणि संवर्धनासाठी वापरला जातो. म्हणूनच प्रश्न ६ मधली नोंद महत्त्वाची. नोंद नसली की तुम्ही ‘ओळखता न आलेले’ ठरता. भारतीय कंपन्यांनाही लाभवाटप चुकत नाही, हे उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. मात्र त्यानंतर कायदा बदलला. प्रश्न ९ पाहा.

जगभर अभ्यासलं जाणारं भारतीय उदाहरण केरळमधल्या काणी समाजाचं. त्यांच्याकडून कळलेल्या आरोग्यपचा या वनस्पतीवर तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संस्थेने काम केलं आणि ‘जीवनी’ हे औषध तयार झालं. ते बनवण्याचा परवाना १९९५ मध्ये १० लाख रुपये आणि २ टक्के रॉयल्टी या अटींवर कोइमतूरच्या औषध कंपनीला दिला गेला. यातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं आणि त्यासाठी १९९७ मध्ये समाजाचा न्यास नोंदवला गेला. वाटणीचं सूत्र त्या काळाच्या मानाने चांगलं होतं. अडचणी आल्या त्या दुसऱ्याच बाजूने: पानं जंगलातून काढण्यावर वन विभागाची हरकत, माहिती देणारे मोजके लोक आणि विखुरलेला मोठा समाज यांच्यातला ताण. यातून घ्यायची गोष्ट अशी की टक्केवारी ठरवण्याआधी कच्चा माल कायदेशीरपणे कुठून येणार आणि पैसा कोणत्या संस्थेत पडणार, हे ठरवा.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांचं हूडिया या वनस्पतीचं प्रकरण याच्या उलट बाजूने बोलकं आहे. तिथल्या संशोधन परिषदेने पेटंट आधी घेतलं. सान लोकांशी करार झाला २००३ मध्ये. त्यात त्यांना रॉयल्टीच्या ६ टक्के आणि टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या रकमांच्या ८ टक्के कबूल केले गेले. पण बड्या कंपन्यांनी उत्पादनातून अंग काढून घेतलं आणि मोठी रॉयल्टी आलीच नाही. म्हणून सगळा भरवसा भविष्यातल्या रॉयल्टीवर ठेवू नये. सुरुवातीची ठोक रक्कम, प्रशिक्षण, रोपवाटिका अशा आज हातात येणाऱ्या गोष्टी करारात असाव्यात.

९. जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने काय बदललं? आता कुणाला सूट आहे?

दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. भारतीय वापरकर्त्यांसाठी ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवड केलेल्या औषधी वनस्पती आणि नोंदणीकृत आयुष व्यावसायिक यांना राज्य मंडळाला कळवण्याच्या व लाभवाटपाच्या अटीतून सूट मिळाली. ‘ग्रंथबद्ध’ म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या पहिल्या अनुसूचीत नावं असलेले ग्रंथ. स्थानिक लोक, शेतकरी, वैदू व हकीम यांची जुनी सूट कायम आहे.

पेटंटबाबतही पायऱ्या बदलल्या. भारतीय अर्जदाराने पेटंट मंजूर होण्याआधी प्राधिकरणाकडे नोंदणी करायची आणि व्यापारी वापराच्या वेळी पूर्वपरवानगी घ्यायची. परदेशी अर्जदाराला मंजुरीआधीच परवानगी लागते. तुरुंगवासाची तरतूद गेली. आता दंड १ लाख ते ५० लाख रुपये, आणि उल्लंघन चालूच राहिलं तर आणखी १ कोटीपर्यंत.

स्पष्टच सांगायचं तर ही सूट तोंडी ज्ञान जपणाऱ्यांच्या सोयीची नाही. बऱ्याच ग्रंथांतल्या वनस्पती वैदूंच्याही वापरात आहेत. कंपनी ग्रंथाकडे बोट दाखवून मोकळी होऊ शकते. अशा वेळी तुमचा वापर ग्रंथापेक्षा वेगळा असेल, म्हणजे झाडाचा वेगळा भाग, वेगळा आजार किंवा वेगळी कृती, तर तो वेगळेपणा तारखेसह नोंदलेला असणं हीच पकड उरते.

१०. मी वैदू आहे. सूट आहे म्हणता, मग औषध बाटलीत भरून विकू शकतो का?

सूट फक्त जैवविविधता कायद्यातली आहे. स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करणं वेगळं आणि दुकानातून विकण्यासाठी ते बनवणं वेगळं. विकण्यासाठी बनवायचं तर औषध कायद्याखालचा उत्पादन परवाना लागतो. जाहिरातीत मधुमेह किंवा कर्करोग बरा करतो असं लिहिलं तर १९५४ चा जादूटोणासदृश उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा लागू होतो. मोबाइलवर फिरणारी चित्रफीतही जाहिरातच धरली जाऊ शकते.

११. वनहक्क कायद्यात याबद्दल काही आहे का?

आहे, आणि फार कमी गावं ते मागतात. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(के) मध्ये जैवविविधतेपर्यंत पोचण्याचा हक्क आणि जैवविविधता व सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावरचा व बौद्धिक संपदेवरचा सामूहिक हक्क नमूद आहे. सामूहिक हक्कांच्या दाव्याच्या अर्जात त्यासाठी रकाना आहे. गावं बांबू, तेंदू, मासेमारी, चराई लिहितात आणि हा रकाना कोरा सोडतात. ग्रामसभेच्या ठरावात तो मुद्दाम लिहा आणि जैवविविधता नोंदवहीची प्रत जोडा. मंजूर झालेल्या हक्कपत्रात तो आला तर प्रश्न ७ मधल्या वाटाघाटीत तुमचं स्थान एकदम बदलतं.

१२. गावरान बियाण्याची नोंदणी करावी का? केली तर शेजाऱ्याला द्यायला बंदी येईल का?

बंदी येत नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ प्रमाणे शेतकरी आपलं बियाणं जपू, पेरू, पुन्हा पेरू, अदलाबदल करू आणि विकू शकतो. हे संरक्षित वाणालाही लागू आहे. फक्त ब्रँडच्या नावाने पाकीटबंद विक्री करता येत नाही.

शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी विनाशुल्क आहे. अर्जावर जैवविविधता समितीचे अध्यक्ष, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकारी यांपैकी एकाची साक्षांकित शिफारस लागते. संरक्षण पिकांना १५ वर्षं, झाडं व वेलींना १८ वर्षं. अर्ज अडतो तो बहुधा एकसारखेपणावर. गावरान वाणात मिसळ असतेच, आणि चाचणीत झाडं वेगवेगळी दिसली की अर्ज मागे पडतो. दोन-तीन हंगाम वेगळी ओंबी वा कणीस काढून बियाणं निवडावं, वेगळेपणाची लक्षणं लिहावीत, मगच पाठवावं. पण एकसारखेपणासाठी मूळ मिसळ फेकून देऊ नका. हवामान बिघडतं तेव्हा तीच तारते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवड करत विकसित केलेला एचएमटी भात दूरवर पसरला तेव्हा हा कायदाच नव्हता. आज तशी निवड करणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकारासारखाच नोंदणीचा हक्क आहे. कुण्या कंपनीच्या वाणात तुमच्या गावच्या वाणाचा वाटा असेल, तर गावाच्या वतीने दावा करण्याचीही सोय याच कायद्यात आहे.

१३. जीआय मिळालं की आमची कला कुणी चोरू शकणार नाही ना?

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, नावाचं रक्षण करतं. कलेचं, तंत्राचं किंवा नक्षीचं नाही. ठरलेल्या भागाबाहेर बनलेल्या चपलेला ‘कोल्हापुरी’ म्हणून विकता येणार नाही. पण तशीच चप्पल दुसऱ्या नावाने विकली तर जीआयचा उपयोग नाही. डिझाइन कायदाही मदतीला येत नाही, कारण त्यालाही नवेपणा लागतो.

दुसरी मर्यादा दाद मागण्याच्या हक्काची. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी जीआय मिळालं. ते दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्यावर काही वकिलांनी जनहित याचिका केली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती फेटाळली, कारण याचिकाकर्ते नोंदणीकृत मालक नव्हते. म्हणजे मालक-संस्था गप्प बसली तर बाहेरच्या कुणाला फारसं काही करता येत नाही. अर्ज कुणाच्या नावे करायचा, ही सुरुवातीचीच निवड निर्णायक असते. कारागिरांची स्वतःची संस्था शक्य असेल तर तीच पुढे करा.

नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण होतं. प्रत्येक कारागिराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून फॉर्म जीआय-३ भरून स्वतंत्र नाव नोंदवायचं असतं. मानांकन मिळाल्याचा सत्कार होतो आणि वापरकर्त्यांची यादी रिकामीच राहते, हे चित्र सर्रास दिसतं. जीआय विकता वा भाड्याने देता येत नाही, त्यामुळे ‘जीआयचा परवाना मिळवून देतो’ म्हणणाऱ्या दलालापासून सावध राहा.

१४. माझं वारली चित्र कुणीतरी पिशव्यांवर छापलं. तक्रार करता येईल?

तुमचं विशिष्ट चित्र जसंच्या तसं किंवा बहुतांशी उचललं असेल, तर हो. प्रत्येक मूळ चित्रावर चित्रकाराचा कॉपीराइट आपोआप असतो, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं. नोंदणी सक्तीची नाही, पण चित्राचा तारखेसह फोटो ठेवावा. त्रिकोणांची माणसं, तारपा नाच, लग्नचौक ही शैली मात्र कुणा एकाची नाही. त्या शैलीत दुसऱ्याने नवं चित्र काढलं तर कॉपीराइट मोडत नाही. परक्या कारखान्यातली छपाई ‘वारली चित्रकला’ म्हणून विकली जात असेल तर जीआयचा मार्ग आहे (प्रश्न १३).

ऑर्डर घेताना करारात ‘सर्व हक्क हस्तांतरित’ असं वाक्य असेल तर थांबा. मूळ चित्र विकणं आणि त्याच्या छपाईचा हक्क विकणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पैसे दोन्हींचे घ्यावेत.

१५. आमच्या लोकगीताचा व्हिडिओ टाकला आणि एका म्युझिक कंपनीने कॉपीराइटचा दावा ठोकला. गाणं तर आमचं आहे!

चाल आणि शब्द परंपरेचे असतील तर त्यांवर कुणाचाच कॉपीराइट नाही. कंपनीचा हक्क तिच्या ध्वनिमुद्रणावर आणि तिने केलेल्या नव्या संगीतरचनेवर आहे. आधी पाहा की तुमच्या व्हिडिओत त्यांचा ट्रॅक पार्श्वभूमीला वाजत नाही ना. नसेल तर ‘पारंपरिक गीत, स्वतःचं गायन, स्वतःचं मुद्रण’ असं लिहून हरकत नोंदवा. यंत्राने केलेला दावा असेल तर तो सुटण्याची चांगली शक्यता असते.

गाणं मुद्रित करायला कुणी आलं तर लक्षात ठेवा: मुद्रणाचा कॉपीराइट निर्मात्याचा, पण गाणाऱ्याला कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहे. तो ५० वर्षं टिकतो. नाव देण्याचा आणि विकृतीला हरकत घेण्याचा हक्कही त्यात येतो. विधीतली, ठरावीक प्रसंगीच म्हणायची गाणी मुद्रित करू द्यायची का, हा प्रश्न समाजाने ठरवायचा. कॉपीराइट कायदा तिथे काहीच बोलत नाही.

१६. आमच्याच समाजातल्या एकाने पेटंट किंवा ट्रेडमार्क घेतला तर?

समाजातला असल्याने त्याला जास्तीचा हक्क मिळत नाही आणि कमीचाही नाही. त्याने मूळ ज्ञानावर खरंच नवी भर घातली असेल, उदाहरणार्थ काढा सहा महिने टिकवणारी नवी प्रक्रिया, तर त्या भरीपुरतं पेटंट होऊ शकतं. मूळ काढ्यावर नाही. ट्रेडमार्कमध्ये समाजाचं नाव किंवा पवित्र चिन्ह असेल तर ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत विरोध करा. ही मुदत वाढवून मिळत नाही. त्याआधीच संस्थेच्या नावे सामूहिक ट्रेडमार्क घेतलेला असला तर वाद बराच सोपा होतो.

१७. हेच ज्ञान शेजारच्या राज्यातल्या दुसऱ्या समाजाकडेही आहे. मग हक्क कुणाचा?

दोघांचाही, आणि व्यवहाराची खरी गाठ इथेच बसते. कायद्यात ‘पहिला कोण’ ठरवण्याची रीत नाही, आणि ती शोधायला जाऊही नये. एका समाजाने केलेला करार दुसऱ्याला बांधत नाही. म्हणून कंपनी सर्वांत स्वस्तात तयार होणाऱ्या गावाकडे वळते. शक्य असेल तिथे समित्यांनी आधी एकत्र बसून किमान अटी ठरवाव्यात. करारात ‘हे ज्ञान इतर समाजांकडेही आहे आणि त्यांचा हक्क अबाधित आहे’ असं वाक्य घालावं. ते न घातल्यास पुढे तोच करार शेजाऱ्यांविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातो.

१८. आमची माहिती जुन्या गॅझेटियरमध्ये किंवा प्रबंधात छापून आली आहे. आता काही उरलं का?

गुप्तता उरली नाही. दुसऱ्याला पेटंट मिळण्यात मात्र ती छपाई आडवी येते, तेव्हा त्या पानाची प्रत जपून ठेवा. गॅझेटियर ‘ग्रंथबद्ध’ या व्याख्येत बसत नाही (प्रश्न ९), त्यामुळे माहिती छापील आहे एवढ्यावर लाभवाटपातून आपोआप सुटका होत नाही.

१९. २०२४ चा जागतिक करार झाला ना? त्याने प्रश्न सुटले का?

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत २४ मे २०२४ रोजी जिनिव्हाला करार संमत झाला. त्याची मुख्य अट अशी: शोध जनुकीय संसाधनावर किंवा त्याच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर आधारलेला असेल, तर पेटंटच्या अर्जात मूळ देश आणि ज्यांच्याकडून ज्ञान मिळालं तो समाज जाहीर करायचा. पंधरा देशांनी रीतसर मान्यता दिल्यावर तीन महिन्यांनी तो लागू होतो. लाभवाटपाची सक्ती त्यात नाही आणि माहिती दडवली म्हणून पेटंट रद्द करण्यावरही बंधनं आहेत. फसवणुकीचा हेतू असेल तरच देशाला तसं करता येतं. चित्रं, गाणी, नाच त्याच्या कक्षेतच नाहीत. भारतात स्रोत जाहीर करण्याची अट पेटंट कायद्यात आधीपासून आहे. तुमच्यासाठी फरक पडेल तो परदेशातल्या अर्जांवर नजर ठेवताना: अर्जात गावाचं किंवा समाजाचं नाव शोधता येईल, आणि ते नसेल तर तिथल्या कार्यालयाला कळवता येईल.